खिडकीतली चौथी बाटली

१

ठप्प!

खिडकीतल्या एका बाटलीचं बूच उडालं, वरच्या तुळईवर आपटलं आणि घरंगळत चुलीपाशी आलं. मक्याचं पीठ घाटणारा गिझेलाचा हात थबकला. बाटलीच्या तोंडातून फेस वर आला, काचेवरून ओघळला, खिडकीच्या लाकडात मुरला, आणि घर पुन्हा गप्प झालं.

एवढ्याशा आवाजाला दचकण्यासारखं काही नव्हतं. तिला दचकवलं ते त्याआधीच्या शांततेनं. भिंतीला भिंत लागून नणंदेचं, तेरेझचं घर होतं, आणि तिकडून रोज काही ना काही ऐकू यायचंच. स्टूल पडल्याचा आवाज, तिच्या नवऱ्याची, वेंत्सेलची शिवी, मग तिचं ओरडणं, मग उशीत तोंड खुपसून कण्हणं. काल रात्री मात्र काहीच नाही. गिझेला कितीतरी दिवसांनी सलग झोपली होती आणि आता त्या झोपेचीच तिला शरम वाटत होती.

"आई, बूच उडालं?" पांघरुणातून किंगाचा आवाज आला. सहा वर्षांची पोर, डोळे अजून मिटलेलेच.

"उडालं. नीज तू."

"कुणाचं? माझं?"

"आजोबांचं."

खिडकीत चार बाटल्या होत्या. केनेशकूत गावात घरात जितकी माणसं तितक्या बाटल्या खिडकीत. मूल जन्मलं की एक वाढायची. माणूस गेलं की त्याची बाटली उतरवून थडग्याच्या उशाशी उपडी पुरायची. येणाऱ्याजाणाऱ्यानं खिडकीकडे नुसतं पाहिलं तरी घरातली माणसं मोजून व्हायची. इथे चार: सासरे मोझेश, लाकूडतोडीला डोंगरापल्याड गेलेला नवरा गेर्गेय, ती स्वतः आणि किंगा. रोज सूर्य मावळताना मोझेश चारही बाटल्या वरच्या झऱ्यावर नेऊन भरून आणायचा.

गावात फसफसत्या पाण्याचे तीन झरे. वरच्या झऱ्याचं पाणी जिभेला चावणारं, लोखंडाच्या चवीचं. खालच्याचं मऊ, खारट. तिसरा कुजका, अंड्याच्या वासाचा, त्यात फक्त खरजेचे पाय बुडवायचे. वरचे लोक खालचं पाणी पीत नसत, खालचे वरचं थुंकून टाकत. लग्न म्हणजे मुलीनं झरा बदलायचा. गिझेला खालच्या झऱ्याची. लोखंडाची चव तिच्या जिभेवर रुळायला दोन वर्षं लागली होती.

तिनं उडालेलं बूच पुसून पुन्हा बसवलं, दोरीचं भेंडोळं आणि मेणबत्ती घेतली आणि बाहेर पडली. अंगणात मोझेश लाकडं फोडत होता. कुऱ्हाडीचा एकेक घाव नेमका आणि शांत.

"बाबा, पोरगी निजलीय. घाटा चुलीवर आहे."

"जा तू," तो मान वर न करता म्हणाला. "कुंडाला खेटून उभी राहू नकोस. आज हवा जड आहे."

२

कोरडं कुंड म्हणजे वरच्या झऱ्याच्या पलीकडे डोंगरात खोदलेला दगडी खड्डा, वर लाकडी खोपटं. आत उतरत्या सात पायऱ्या. त्यात पाण्याचा थेंब नसे. ज्या वायूनं बाटल्यांची बुचं उडतात तोच इथे जमिनीतून कोरडा वर यायचा आणि खड्ड्यात पाण्यासारखा साचून राहायचा. दिसायचा नाही. पायऱ्यांवर बसून कमरेपर्यंत त्यात राहिलं की सांधे मोकळे होत. नाक खाली गेलं की दहा श्वासांत खेळ खलास. म्हणून रोज सकाळी साडेसहाला गिझेला दोरीला मेणबत्ती बांधून खाली सोडायची, ज्योत विझेल तिथे भिंतीवर खडूची रेघ ओढायची, आणि त्या रेघेनंतरच लोकांना आत सोडायची.

न थांबणारा गावात एकच होता, वेंत्सेल. "बायकांच्या मेणबत्तीनं मी बसू होय? माझं नाक मला ठाऊक आहे," म्हणायचा.

आज खोपटाचं दार उघडंच होतं.

वरच्या पायरीच्या दगडाला झिजून खळगा पडला होता. त्यात पाणी साचलेलं. नितळ पाणी, कडेनं मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले. शेजारी जाड काचेचे तुकडे. गिझेलानं मेणबत्ती खाली सोडली. एरवी पाचव्या पायरीला विझायची, ती तिसऱ्यालाच विझली. धुराची रेघ आडवी झाली, आणि त्या रेघेखाली तिला बूट दिसले. मग पाय. मग पालथं पडलेलं धिप्पाड धूड आणि मागून फुटलेलं डोकं. केसांत काचा रुतलेल्या, त्यातून काळपट रक्त सातव्या पायरीपर्यंत उतरलेलं.

तिला खाली धावून जायचं होतं. पण लहानपणापासून अंगात भिनलेल्या भीतीनं पाय जागीच धरून ठेवले. खाली जाणारा वर येत नाही. ती बाहेर पळाली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली.

गवताची गंजी ओढायचे लांब आकडे घेऊन चार पुरुष आले. त्यांनी तोंडं बांधली, वाकले नाहीत, वरूनच आकडा वेंत्सेलच्या कातडी कोटात अडकवून ओढला. प्रत्येक पायरीवर डोकं दणकत वर आलं. गुडघ्याच्या वातासाठी रोज येणारी म्हातारी रेबेका छातीवर क्रूस काढत पुटपुटली, "काल गुत्त्यात ओरडून सांगितलं होतं त्यानं, तुला कोरड्या कुंडात निजवीन म्हणून. आणि निजवलंच की गं!"

"कुणी सांगितलं होतं?" गिझेलानं विचारलं, जरी तिला कळलं होतं.

रेबेकानं तिच्याकडे कणवेनं पाहिलं. "तुझ्या भावानं, पोरी. अंब्रुशनं."

३

अंब्रुश पाणीवाला. खालच्या झऱ्याचं पाणी बाटल्यांत भरून घोडागाडीनं दोन तासांवरच्या स्टेशनात पोचवायचा. दहा वाजता त्याची रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांची गाडी खडखडत गावात शिरली. त्याला काही माहीत नव्हतं. कालच्या मारामारीत सुजलेला ओठ घेऊन तो शीळ घालत होता.

वेंत्सेलच्या दोघा भावांनी त्याला गाडीवरून केसाला धरून खाली खेचलं.

"मिठाचं पाणी पिणाऱ्या! पाठीमागून मारलंस होय रे!"

पहिला दणका त्याच्याच बाटलीचा बसला. खोकी उलटी झाली, काचांचा सडा पडला, आणि त्या काचांवरूनच त्याला फरफटवलं. धाकट्यानं बुटाच्या टाचेनं हात चिरडला, तेव्हा बोटं मोडल्याचा आवाज झऱ्यावरच्या बायकांना ऐकू गेला. कुणी पुढे आलं नाही. दोघी बादल्या उचलून चालत्या झाल्या. गिझेलानं गर्दीत घुसून भावाच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं. एक लाथ तिच्या बरगडीत बसली. दुसरी बसणार तोच बंदुकीचा बार झाला.

तालुक्याचा हवालदार दोमोकोश आला होता. टोपीवर कोंबड्याच्या पिसांचा तुरा, खोगिराला बांधलेली चापाच्या तोंडाची शहरी सोड्याची बाटली.

"जिवंत आहे का तो?" त्यानं घोड्यावरूनच विचारलं. "बरं आहे. मेलेला आरोपी मला लिहिताना फार त्रास देतो. उचला त्याला, चावडीत टाका."

अंब्रुशनं रक्ताची गुळणी टाकली. बहिणीचा हात धरून तो एवढंच म्हणाला, "गिझी, मी फक्त त्याला म्हटलं होतं, बायकोच्या अंगाला हात लावू नकोस. एवढंच म्हटलं होतं."

४

दुपारी हवालदारानं कुंड पाहिलं. चावडीच्या टेबलावर काचेचे तुकडे मांडले, ग्लासात चाप दाबून फुर्रकन सोडा घेतला आणि एकेकाला आत बोलावलं.

रेबेकाला बोलायला लावावं लागलं नाही. "वेंत्सेलला काल दिवेलागणीला गुत्त्यातून झोकांड्या खात निघताना सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर कुणाच्या दृष्टीस पडला असेल तर शपथ! माणूस वाईट होता, मेल्यावर खोटं कशाला बोलू? पण वाईट माणूस मारायचा परवाना अंब्रुशला कुणी दिला?"

"तुमच्या गावचं पाणी खिळे चाखल्यासारखं लागतं, आजी," हवालदार तोंड वाकडं करत म्हणाला. "पिता कसं?"

"आणि तुमच्या त्या बाटलीत वायू कोंबून कोंडलेला, कैद्यासारखा. आमचा आपल्या पायानं वर येतो." आजी ताठ मानेनं बाहेर पडली.

मग तेरेझ. काळी ओढणी, खाली घातलेली मान, हात ओढणीत गुंडाळलेले. सकाळी बातमी सांगायला गिझेला धावत तिच्याकडे गेली होती, तेव्हा तिचा खालचा ओठ फाटला होता आणि हनुवटीवरून ताजं रक्त ठिबकत होतं. "गाईनं लाथ मारली," ती म्हणाली होती. गिझेलानं मान डोलावली होती. या भिंतीआडच्या गाई नेहमी लाथा मारायच्या आणि सगळं गाव नेहमी मान डोलवायचं.

"रात्री नवरा घरी आला होता?" हवालदारानं विचारलं.

"नाही."

"पहाटे?"

"नाही आला. आलाच नाही."

हवालदारानं वही मिटली आणि दाराशी उभ्या गिझेलाकडे वळला. "ऐका बाई. वेंत्सेल दिवेलागणीला गुत्त्यातून निघाला, घरी पोचला नाही. तुमचा भाऊ रात्री तीनला गाडी घेऊन निघाला, पहाटे पाच ते सात स्टेशनात खोकी उतरवत होता. स्टेशनमास्तरनं तसं लिहून दिलंय. म्हणजे खून दिवेलागणी ते रात्री तीन यांच्या मधला. वरच्या पायरीवर खळग्यात रक्ताचं पाणी लालभडक होऊन सुकत आलंय, रात्रभराचं. उद्या सकाळी मी त्याला जिल्ह्याला नेतो. तिथे फाशी फार दिवस टांगून ठेवत नाहीत."

गिझेला एकदम म्हणाली, "लाल?"

"काय?"

"साहेब, मी गेले तेव्हा ते पाणी लाल नव्हतं. काचेसारखं नितळ होतं. त्याला बुडबुडे होते."

५

"हे बघा," हवालदार वैतागून म्हणाला, "बहिणीची माया मला कळते."

"माया नंतर कळून घ्या. आधी एक बशी द्या."

रेबेकाच्या खिडकीतून तिनं वरच्या झऱ्याची बूचबंद बाटली मागून आणली. हवालदारासमोर उघडली. फस्स झालं. पांढऱ्या बशीत ओतलेलं पाणी नितळ होतं, कडेनं बुडबुडे.

"आता बसा," ती म्हणाली.

"किती वेळ?"

"शहरी घाईला परवडणार नाही इतका."

बाहेर वेंत्सेलचे भाऊ फेऱ्या मारत होते. मोठ्याच्या हातात खत उपसायचा दाताळा होता, त्याचे दात तो चावडीच्या भिंतीवर घासत जायचा. खर्रर्र. आतल्या खोलीत अंब्रुश तापात कण्हत होता. बुडबुडे एकेक करत सुटले. तासाभरानं बशीतलं पाणी गढुळलं. आणखी तासानं तळाशी पिवळसर साय बसली, मग ती लाल झाली, विटकरीच्या भुकटीसारखी.

हवालदारानं बोट बुडवून नाकाशी नेलं. "रक्त नाही."

"लोखंड. पाण्यात वायू असतो तोवर ते विरघळून राहतं. वायू उडाला की गंज होऊन खाली बसतं. वरच्या झऱ्याचं प्रत्येक लेकरू हे जाणतं, म्हणून आम्ही त्या पाण्यात पांढरं कापड धूत नाही. तुम्ही सोडा पिणारे, तुम्हाला लाल म्हणजे रक्तच दिसणार. सकाळी साडेसहाला त्या खळग्यात बुडबुडे होते साहेब. बाटली फुटून जेमतेम अर्धा तास झाला असेल. तेव्हा माझा भाऊ स्टेशनात होता."

हवालदारानं बोट रुमालाला पुसलं. मग त्यानं टेबलावरचा काचेचा तुकडा उचलला. "आणि हे? आतूनसुद्धा तांबडं आहे."

"बाहेरचं रक्त, आतलं गंज. वर्षानुवर्षं वरच्या झऱ्याचं पाणी भरलं की बाटलीला आतून अशी खपली धरते, घासूनही जात नाही. अंब्रुशच्या बाटल्या पाहा. खालचं पाणी, खारट, आतून स्वच्छ. ही बाटली त्याची नाही."

हे म्हणताना तिला आनंदानं हुंदका आला. भाऊ वाचला होता.

"म्हणजे पहाटे," हवालदार हळूच म्हणाला. "आणि वरच्या झऱ्याच्या घरातली बाटली. वरच्या झऱ्याची घरं किती?"

"बारा."

"आणि खिडकीत माणशी एक बाटली, नाही का? वाटेत मोजत आलो मी, गंमत वाटली." तो उठला. "उद्या उजाडताच बाराही घरांच्या खिडक्या मोजतो. जिथे माणसांपेक्षा बाटली कमी, तिथे माझा माणूस. तोवर तुमचा भाऊ इथेच. खरा खुनी हाती आल्याशिवाय सोडला तर ते दोघे त्याला चावडीच्या पायरीवरच दाताळ्यानं फाडतील."

गिझेलानं मान हलवली. दार उघडून ती बाहेर आली, चार पावलं चालली, आणि तिच्या कानात पुन्हा सकाळचा आवाज झाला.

ठप्प.

संध्याकाळी भरलेल्या बाटलीचं बूच उडालंच तर संध्याकाळी उडतं, थंड पाणी चुलीच्या उबेत येतं तेव्हा. रात्रभर घरात राहिलेली बाटली सकाळी निवांत असते. सकाळी बूच उडवणारं पाणी सकाळीच भरलेलं असतं.

६

घरात शिरल्या शिरल्या तिनं खिडकीकडे पाहिलं. चार बाटल्या. तिरपं ऊन काचांतून आरपार आलं होतं. तीन बाटल्यांतून ते तांबूस होऊन जमिनीवर पडलं होतं. चौथीतून पांढरंशुभ्र.

किंगा त्या पांढऱ्या उजेडात बाहुलीला निजवत होती. "आई बघ, आजोबांच्या बाटलीतून चांगला उजेड येतो."

मोझेश चुलीपाशी बटाटे सोलत होता. सालीची एक अखंड फीत सुरीखालून उतरत होती. ती तुटली नाही.

"किंगा, मागच्या अंगणात कोंबड्या कोंडून ये," गिझेला म्हणाली. पोर बाहुली घेऊन गेली. गिझेलानं स्वच्छ बाटली उचलली. नवीकोरी काच, तळघरातली, कधीतरी जन्मणाऱ्या पुढच्या लेकरासाठी राखून ठेवलेली.

"बाबा, तुमची जुनी बाटली कुठाय?"

"हवालदाराच्या टेबलावर," मोझेश म्हणाला. "बराच उशीर केलास. मला वाटलं, बूच उडालं तेव्हाच तुला कळलं."

ती बाकावर टेकली.

"सांगू?" त्यानं सुरी खाली ठेवली. "पहाटे तो गुत्त्यामागच्या गवतातून उठून घरी गेला. तू झोपली होतीस. गोठ्यात गाठलं त्यानं तेरेझला, म्हणून भिंतीतून आवाज आला नाही. मी लाकडं काढायला बाहेर होतो. तो निघून गेल्यावर मी पाणी घेऊन गेलो, तोंड धुवायला. माझीच बाटली हाताला लागली. तिनं हात पुढे केला. तीन बोटं उलट्या बाजूला वळलेली, गिझेला. दुधाच्या बादलीच्या कडीत घालून मोडली होती. तरी म्हणते, बाबा, गाईनं लाथ मारली." त्यानं सुरी दूर सरकवली. "मला सुद्धा गाय सांगितली तिनं."

गिझेलाला चावडीतली ती काळी ओढणी आठवली, तिच्यात गुंडाळलेले हात.

"त्याच्यामागे वर कुंडावर गेलो. बाटली हातातच राहिली. विचारायचं होतं त्याला. तो पायरीवर पाठमोरा बसला होता, पाय वायूत सोडून. वळलासुद्धा नाही. म्हणाला, म्हाताऱ्या, तुझी पोरगी वरच्या पाण्यासारखी आहे, उघडली की फसफसते आणि घटकाभरात सपक होते. हसला. मग मी मारलं."

"आणि तो खाली पडला."

"पडला. डोक्यानं मेला नव्हता तो. हात हलत होते. श्वास धरून तीन पायऱ्या उतरलो असतो तर कोट धरून वर ओढता आला असता. मी कधी काळी दोघांना तसं काढलंय." मोझेशनं स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "मी उभा राहिलो. हात थांबेपर्यंत उभा राहिलो."

चुलीत लाकूड तडकलं.

"मग नवी बाटली का भरलीत?" ती दाराकडे बघत कुजबुजली. "नसती भरली तर मला कळलंच नसतं!"

"खिडकीत तीन ठेवू? घरातलं माणूस मेल्याची खूण? ती सकाळी उठून बघते आणि विचारते, कोण गेलं." त्यानं दाराबाहेर, कोंबड्यांमागे धावणाऱ्या नातीकडे पाहिलं. "हात आपोआप तळघरात गेला, आपोआप झऱ्यावर गेला. गंजाची आठवणच झाली नाही. सत्तर वर्षं तांबड्या काचेतून पाणी पितोय, काच पांढरी असते हेच विसरलो होतो."

"आणि अंब्रुशचं काय? त्याला मारत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच." त्यानं मान खाली घातली. "मला वाटलं, स्टेशनमास्तर सांगेल, सुटेल. त्याला मारत होते ते मी इथून ऐकलं."

ऐकून गप्प राहणं या घराला नवीन नव्हतं.

बाटली अजून गिझेलाच्या हातात होती. खाली फरशी होती, दगडाची. तिची नजर तिथे गेली, आणि मोझेशला ती दिसली.

"टाक," तो हळूच म्हणाला. "ही कोरी काच सगळं सांगेल; फुटली की सकाळी हातातून निसटली म्हण. हवालदार विश्वास ठेवेल. तुझ्यावर तर ठेवेलच."

तिची बोटं सैल झाली. या म्हाताऱ्यानं तिच्या बाळंतपणात तीन कोस बर्फ तुडवून सुईण आणली होती. किंगाला पहिलं पाऊल टाकायला यानंच शिकवलं होतं. फक्त बोटं उघडायची होती. मग तिला टाचेखाली चिरडलेला अंब्रुशचा हात आठवला, आणि बाहेर दाताळा घासत फिरणारे दोघे. सगळ्या गावात एकाच माणसानं वेंत्सेलला तोंडावर थांब म्हटलं होतं. तो आता चावडीत रक्त ओकत होता.

तिनं बाटली घट्ट धरली आणि टेबलावर ठेवली.

मोझेशनं दीर्घ श्वास सोडला, जणू तिनं त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवलं होतं. उठला, चांगला कोट घातला, केस ओले करून विंचरले. स्वच्छ बाटली काखेत घेतली.

"तू सांगितलंस असं गेर्गेयला वाटता कामा नये. मी माझ्या पायानं गेलो. आणि तेरेझला इकडे आण. रात्री एकटी ठेवू नकोस."

दारात किंगा आडवी आली. "आजोबा, कुठे चाललात? माझी बाटली भरायचीय."

त्यानं वाकून तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं. "आज तू भर. बूच पहिल्यांदा सैल लावायचं, विसरायचं नाही."

तो चावडीच्या दिशेनं गेला. सूर्य डोंगराला टेकला होता. वाटेत वेंत्सेलच्या भावांनी त्याला टोपी काढून मान लववली, कारण मुलीचा नवरा गेलेला म्हातारा होता तो.

७

तासाभरात अंब्रुश सुटला. चौघांनी त्याला घोंगडीत घालून आणलं आणि चुलीपाशी निजवलं. हवालदार दारापर्यंत आला होता. टोपी हातात होती, पिसं खाली झुकलेली.

"म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं," तो म्हणाला. "भाऊ आता गप्प आहेत. बाई, तुम्ही बाटली फोडली असती तरी मला कळलं नसतं."

"ठाऊक आहे."

त्यानं टोपी घातली आणि तो घोड्याकडे वळला.

तेरेझ आली ती पलीकडच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसली. ती रडली नाही. मोडलेली बोटं गिझेलानं दोन फळकुटांमध्ये बांधली, तरी हूं की चूं नाही. तिला सवय होती.

किंगानं खिडकीतल्या बाटल्या एकेक करून टेबलावर आणल्या. तिन्हींच्या आत तांबडा गंज. ती बोटं मोजत उभी राहिली.

"आई, तीन भरायच्या की चार?"

"चार," गिझेला म्हणाली. "आजोबांसाठी तळघरातून एक नवी आण. आणि आत्याची तिच्या घरातून."

"म्हणजे पाच."

"हो. पाच."

पोर गेली नाही. ती आत्याच्या हाताकडे बघत होती, फळकुटांतून बाहेर आलेल्या निळ्या बोटांकडे. मग ती आईजवळ आली, तिच्या गुडघ्यांत शिरली आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण भिंतीलाही ऐकू जाईल इतकं स्पष्ट, म्हणाली:

"आई, आत्या ओरडायची ते आपल्याला रोज ऐकू यायचं ना? मग आपण का नाही गेलो?"